अकरा हजार सह्या

आत्या दवाखान्यात गेली ती दाढेसाठी, पण दाढ राहिली बाजूला. भाच्याचा दातांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. जिना चढून धाप लागली म्हणून ती बाहेरच्या खोलीत बाकावर टेकली, चष्मा पुसला आणि समोर पाहिलं तर भिंतीवर एक नवी चौकट. भाच्याला जुने कर्जरोखे जमवायचा नाद होता. पूल बांधायला, गटारं खणायला, रस्त्यावर दिवे लावायला नगरपालिकांनी कधीकाळी लोकांकडून कर्ज घेतलं, त्याबद्दल दिलेले हे छापील कागद. कर्ज कधीच फिटलं, पण कागद कुणाकुणाच्या ट्रंकांत पडून राहिले आणि आता हौशी लोक ते शोधत हिंडत होते. कडेने वेलबुट्टी, मधोमध पुलाचं नाहीतर पाण्याच्या टाकीचं चित्र, खाली गोल शिक्का. पेशंट बिचारे गालाला हात लावून ते बघत बसायचे. आत्याने आजवर तिकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण या चौकटीवर एक पितळी दिवा होता आणि खाली पट्टी होती: ‘पाणीयोजना कर्जरोखा. अध्यक्षांच्या स्वहस्ते केलेल्या सहीसह.’ स्वहस्ते हा शब्द तिने दोनदा वाचला. मग उठून जवळ जाऊन सही पाहिली. पहिल्या अक्षराचा उंच फाटा, मधली घाईघाईची नागमोड आणि शेवटी उजवीकडे ओढून खाली दुमडलेलं शेपूट. ते शेपूट तिचं होतं. आपली चप्पल दुसऱ्याच्या पायात दिसावी तसं तिला झालं, आणि जिच्यासाठी ती इथवर आली होती ती दाढ एकदम दुखायची थांबली.

तोंडाने काही बोलायच्या आत नर्सने तिला खुर्चीवर निजवून दोन्ही गालांत कापूस कोंबला. भाचा हातमोजे चढवत आला. “नवा बघितलास का, आत्या? चार वर्षं मागावर होतो त्याच्या. बाकीच्या नगरपालिका सहीचा रबरी शिक्का मारायच्या. आपले अध्यक्ष म्हणाले, लोक माझ्या भरवशावर पैसे देतात, तर सही मी करणार. अकरा हजार रोखे. मनगट सुजलं, तरी पट्टी बांधून सह्या करत होते. फोटो आहे त्याचा. जबडा सैल सोड.” आत्याने घशातून आवाज काढला. “दुखतंय? थांब, अजून एक इंजेक्शन देतो.” त्याने दिलं. मग तिची जीभही बधिर झाली, आणि पुढची वीस मिनिटं त्याने दाढ कोरता कोरता अध्यक्षांच्या चारित्र्याबद्दल जे जे सांगितलं ते ते तिला उघड्या तोंडाने ऐकून घ्यावं लागलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा नर्सने ते हळूच टिपलं. या वयात इतकी सहनशक्ती कमी लोकांत असते, असंही ती म्हणाली.

सहनशक्ती. आत्या घरी आली ती हा शब्द चघळत. खरं तर चघळायची मनाई होती. गाल अजून परक्याचा होता. ती खिडकीशी बसली आणि उजवं मनगट डाव्या हातात धरून बघत राहिली. मनगट सुजलं होतं हे खरं. फक्त ते कुणाचं होतं, तेवढाच प्रश्न. एकोणीस वर्षांची होती ती तेव्हा. पाणीखात्यात रोजंदारीवर आवक-जावक लिहायची. रोख्यांचे गठ्ठे छापखान्यातून आले, आणि नगरपालिकेचा ठराव असा की सही हातानेच पाहिजे, शिक्का चालणार नाही. अध्यक्ष तेव्हा गावोगाव सभा घेत हिंडत होते. त्यांनी पहिल्या दिवशी चाळीस सह्या केल्या आणि बोटं झटकत निघून गेले. मग हेडक्लार्कने सहा कारकुनांना खोलीत बोलावलं, त्या चाळिसातला एक रोखा पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, “काढा बघू.” पाच जणांनी ती सही चित्र काढावं तशी काढली. आत्याने तिच्याकडे नुसतं दोन मिनिटं पाहिलं, मग नजर काढून घेतली आणि लिहिली. अध्यक्षांची सही तशी गबाळी होती, सुरुवातीला दमदार आणि शेवटी कंटाळलेली. तिच्या हाताला तो कंटाळा काही जमेना. तिने शेवट नीट केला, शेपूट ओढून खाली दुमडलं. हेडक्लार्कने कागद उजेडात धरला. “ही त्यांच्यापेक्षा त्यांची दिसते,” तो म्हणाला, आणि लगेच, “अध्यक्षांचे ते चाळीस फाडून टाका. सगळे एकसारखे पाहिजेत.”

वरच्या मजल्यावर पाण्याचे जुने मीटर ठेवायची खोली होती, तिथे तिला बसवलं. खिडकी बंद, कारण कागद उडायचे. पंखा बंद, त्याच कारणाने. दाराला बाहेरून कडी, कारण कुणी बघायला नको. एका हाताला रोख्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हाताला टिपकागद, समोर निळ्या-काळ्या शाईची दौत. सकाळी साठ, जेवणानंतर पन्नास, कारण जेवणानंतर हात जड व्हायचा. चार महिने. पहिल्या आठवड्यात ती सही मोजून करायची. दुसऱ्या आठवड्यात हात आपोआप चालायला लागला आणि डोकं मोकळं झालं; मग ती त्या बंद खोलीत कसले कसले विचार करायची, नोकरी पक्की झाली की भावाची फी भरू, आपण एक सायकल घेऊ. तिसऱ्या महिन्यात मनगटाला लिंबाएवढी गाठ आली. हेडक्लार्क वाईट माणूस नव्हता. त्याने स्वतःच्या घरून गरम पट्टी आणून बांधली. “कुणाला बोलायचं नाही,” पट्टी बांधतानाच त्याने सांगितलं. “हे बाहेर कळलं तर अकरा हजार कागद बाद. लोकांचे पैसे बुडतील, मी आत जाईन आणि माझ्या आधी तू.” तिने मान हलवली. पुढे कित्येक वर्षं पोस्टमनने दार जरा जोरात वाजवलं तरी ती आधी खिडकीतून पोलीस तर नाहीत ना बघायची.

आणि ती फोटोची गोष्ट. आठवली की आजही तिची कानशिलं तापतात. शेवटचा गठ्ठा संपला त्या दिवशी अध्यक्ष आले, मागे छायाचित्रकार. खोलीत पाऊल टाकून त्यांनी तिच्याकडे, गठ्ठ्यांकडे, तिच्या पट्टीकडे पाहिलं. “ही का ती पोरगी?” हेडक्लार्क हो म्हणाला. “छान. माझ्याहून बरी करते.” मग छायाचित्रकार म्हणाला, साहेब, हात दाखवला तर चित्र उठावदार येईल. कुणीतरी तिच्या मनगटाची पट्टी सोडली. सोडलीच, विचारलंसुद्धा नाही. ती अध्यक्षांच्या मनगटावर गुंडाळली. तिला खोलीबाहेर उभं केलं. दाराच्या फटीतून तिने पाहिलं, तिच्या खुर्चीवर अध्यक्ष बसलेले, हातात तिचा टाक, मनगटावर तिची पट्टी, तिच्या घामाने ओली झालेली. एवढं करूनही नोकरी पक्की झाली नाही. काम संपलं, रोजंदारी संपली. हेडक्लार्कने गयावया केल्यावर अध्यक्षांनी शिफारशीचं एक पत्र तेवढं दिलं, ‘लेखनकामात प्रामाणिक’, आणि खाली स्वतःच्या हाताने सही ठोकली, तीच गबाळी, शेवटाला कंटाळलेली. प्रामाणिक. पुढची तीस वर्षं तिने औषधाच्या कंपनीत बाटल्यांच्या लेबलांवरच्या तारखा तपासल्या. चौकात अध्यक्षांचा पुतळा बसला तो हातात टाक घेऊन. ती त्या चौकातून बसने जायची आणि नेमकी त्याच वेळी पिशवीत काहीतरी शोधायची. लग्न झाल्यावर एकदाच तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. मग पाहुणे आले की म्हणायचा, जपून बोला, आमची ही नगराध्यक्ष आहे. माणूस चांगला होता, जीव लावायचा. पण त्या एका हसण्यासाठी तिने त्याला मनातून कधी पूर्ण माफ केलं नाही, आणि तो गेल्यावर रडताना मध्येच तिला ते हसणं ऐकू आलं तेव्हा ती क्षणभर रडायची थांबली होती.

आता तर सगळं कर्ज फिटलं. हेडक्लार्क गेला, अध्यक्ष गेले, आत जायला कुणी उरलं नाही. मग ती गप्प कुणासाठी बसली आहे? तिला पैसे नको होते, सत्कार नको होता. एका माणसाने त्या कागदाकडे बघून म्हणावं की हा हात तुझा. एवढंच. आणि तो माणूस घरातलाच असावा, असंही तिला वाटलं. भाच्याला तिने खांद्यावर खेळवलं होतं. रविवारी त्याच्या दवाखान्यात हौशी मंडळी जमायची, हे तिला माहीत होतं. तिने कपाटातून ते शिफारसपत्र काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि रविवारी अकराच्या ठोक्याला जाऊन उभी राहिली.

पाच-सहा जण होते. भिंगं, हातमोजे, पारदर्शक पाकिटं. पोराटोरांनी पत्ते मांडावेत तसे ते रोखे मांडून बसले होते. त्यांच्यात एक पारखी होता. सहीची खात्री करून द्यायची असली की सगळे त्याच्याकडे जायचे, आणि त्याने मान डोलावली की मग कागदाला किंमत. आत्याने सरळ सांगून टाकलं. उभ्या उभ्या, पाच मिनिटांत, मीटरच्या खोलीपासून पट्टीपर्यंत. भाचा लाल झाला. मग पारखी फार मऊ आवाजात म्हणाला, “बसा ना. असं पुष्कळदा होतं. मोठ्या माणसाच्या जवळ काम केलेलं असतं, वय झालं की आठवणी एकमेकींत मिसळतात.”

“माझ्या आठवणी मिसळलेल्या नाहीत,” आत्या म्हणाली. “हे पत्र बघा. ही त्यांची खरी सही. माझ्यासमोर केलेली.”

पारख्याने पत्र घेतलं. भिंग लावलं. चौकटीतल्या रोख्याशेजारी धरलं. त्याचा चेहरा हळूहळू गंभीर झाला, आणि आत्याला वाटलं, झालं, समजलं याला. “सांगायला वाईट वाटतं,” तो म्हणाला, “पण हे पत्र बनावट आहे. माझ्या हाताखालून त्यांच्या तीनशे सह्या गेल्यात. सगळ्या रोख्यांवरच्या. तो हात मी झोपेतही ओळखेन. हे बघा, या पत्रातला फाटा ढिला आहे, नागमोड अडखळते आणि शेपूट तर नाहीच. ज्याने कुणी ही केली त्याला अध्यक्षांची सही मुळात येतच नव्हती.”

आत्याने तोंड उघडलं. या वेळी तोंडात कापूस नव्हता, पण तोंडी सांगून झालं होतं. मग तिने टेबलावरचं पेन उचललं, पाठकोरा कागद ओढला आणि सही केली. पंचावन्न वर्षांनी. फाटा गेला वर, नागमोड आली, शेपूट मात्र ओढता ओढता अडखळलं. पारख्याने तो कागद जरासा फिरवून बघितला. “सराव चांगला आहे,” तो म्हणाला. “पण मूळ सहीतला आत्मविश्वास नाही. आणि एक सुचवतो, रागावू नका. असं चारचौघांत करू नका. कायद्याने गुन्हा होतो.” बाकीचे समजूतदारपणे हसले. कुणीतरी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. भाचा तिला हाताला धरून, एक एक पायरी, जिना उतरवू लागला. तिने त्याचा हात झटकला. खाली रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की पत्र वरच राहिलं, आणि ती परत गेली नाही. बनावट म्हणे. ज्याच्या नावाने मी सह्या केल्या त्यालाच खोटा ठरवलात रे, मेल्यांनो, तेही माझ्या जिवावर. ती भर रस्त्यात मोठ्याने बोलत होती. दोन बायका वळून बघत गेल्या. बघू देत.

त्यानंतर तीन दिवस ती धुमसत राहिली. भांडी आदळली, शेजारणीला उगाच टाकून बोलली. सगळ्यात जास्त राग तिचा तिलाच आला. अकरा हजारांत एकावर तरी कुठे खूण ठेवावी, एखादा ठिपका, एखादी उलटी रेघ, एवढी अक्कल एकोणिसाव्या वर्षी येऊ नये? नाही आली. तिला सगळ्या सह्या एकसारख्या करायच्या होत्या. इतक्या छान करायच्या होत्या की कुणी बोट दाखवू नये. स्वतःला असं बेमालूम पुसून टाकायचं आणि त्याचाच अभिमान बाळगायचा, हे कुणी शिकवलं होतं तिला? कुणीच नाही. ती आपली आपण शिकली होती.

चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. भाचा होता. हातात ते पत्र आणि बगलेत एक मोठं चपटं पाकीट. आत येऊन तो खुर्चीच्या कडेवर बसला, लहानपणी काहीतरी फोडून आला की बसायचा तसा. “आत्या,” तो म्हणाला, “मी बाबांची ट्रंक काढली. तू त्यांना होस्टेलवर पत्रं पाठवायचीस ना, ती बघितली. तू ओळ संपवतेस तिथे शेवटचं अक्षर उजवीकडे ओढून खाली दुमडतेस. प्रत्येक पत्रात. आणि त्यातली कितीतरी पत्रं रोखे छापायच्या आधीची आहेत. म्हणजे ते शेपूट तू अध्यक्षांकडून उचललं नाहीस. त्यांच्या सहीत तू घातलंस.” तो थांबला. “हा हात तुझा आहे.”

आत्याने चष्मा काढून ठेवला. छातीत इतकी वर्षं आवळून धरलेलं काहीतरी सुटलं आणि त्या सुटण्यानेच दुखायला लागलं. तिने पदराने तोंड पुसलं. भावाने पत्रं जपून ठेवली होती तर. आपण उगाच त्या परक्या लोकांपुढे जाऊन उभे राहिलो, घरचा माणूस ट्रंक उघडेपर्यंत थांबायला हवं होतं, असं तिला वाटलं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी जिन्यात त्याचा हात झटकल्याची तिला लाज वाटली. “चहा टाकते,” ती म्हणाली. “थांब, आधी एक दाखवायचंय,” तो म्हणाला.

त्याने पाकीट उघडलं आणि टेबलावर बारा रोखे मांडले. तेच चित्र, तीच वेलबुट्टी, तीच पाण्याची टाकी. कोरे करकरीत. सहीची जागा रिकामी. “छापखान्याच्या भंगारात निघाले. जादा छापलेले, कधी बाहेर गेलेच नाहीत. सही नाही म्हणून कुणी हात लावत नाही.” त्याने खिशातून टाक काढला, जुन्या पद्धतीचा, आणि निळ्या-काळ्या शाईची बाटली. “शाई तीच मिळवलीय. मी नीट विचार केलाय, आत्या. दुसऱ्या कुणी केली तर ती बनावट. पण तू केलीस तर बनावट कशी? मूळ हातच तुझा. उलट अगदी अस्सल. पारख्याला शेपूट दिसलं की तो डोळे झाकून मान डोलावतो. तू आधी थोडा सराव कर, हात बसला की झालं. आणि अर्थात, कुणाला बोलायचं नाही.”

तो खरंच आनंदाने बोलत होता, आत्याचा मान राखतोय अशा भावनेने. तेच तिला सहन होईना. हेडक्लार्कला निदान भीती होती, अध्यक्षांना निदान घाई होती. याच्याकडे पुरावा होता. याने ट्रंक उघडली, पत्रं वाचली, तिचा हात ओळखला, पंचावन्न वर्षांत ओळखणारा पहिला माणूस, आणि ओळखून त्याला पुढचं जे सुचलं ते हे. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं ठरवलं तेव्हा झाला त्याहून जास्त. पारख्याने तिला वेडी म्हटलं होतं; याने खरी मानून परत त्याच खोलीत नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी घातली. ओरडावं, कागद तोंडावर फेकावेत, असं मनात आलं. पण तिने खुर्ची ओढली. चष्मा लावला.

“आण तो टाक,” ती म्हणाली.

भाच्याने बाटलीचं झाकण उघडून दिलं. पहिल्या रोख्यावर अक्षर वाकडं आलं. दुसऱ्यावर जरा सावरलं. तिसऱ्यापासून मनगट मोकळं झालं, आणि ती थांबली नाही; एक बाजूला सरकवायचा, दुसरा ओढायचा. भाचा तिच्या मागे उभा राहून आधी कौतुकाने बघत होता. मग तो वाकला. “आत्या,” तो म्हणाला, “हे काय लिहितेयस?” ती लिहीत राहिली. बाराही रोख्यांवर, ‘अध्यक्ष’ असं छापलं होतं त्याच्या वरच्या रेघेवर, तिने तिचं नाव लिहिलं. लग्नाआधीचं, एकोणिसाव्या वर्षी होतं ते. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, आणि शेवटचं अक्षर उजवीकडे ओढून खाली दुमडलेलं.

“वाट लावलीस सगळ्याची,” भाचा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. “आता ही सही कुणाची म्हणून सांगू मी लोकांना?”

आत्याने टाक खाली ठेवला. “वाच की,” ती म्हणाली. “आडनाव तुझंच आहे.”